मांडीवरचं तिकीट

मी आयुष्यातलं पहिलं ठरवून बोललेलं खोटं एसटीत बोललो, आणि तेही धड जमलं नाही.

धरणगाव ते जळगाव. मी सहा वर्षांचा. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं, पाच ते बाराला अर्धं. स्टँडवर आप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कंडक्टरने विचारलं तर पाच पूर्ण नाही झाले म्हण." मी मनात घोकत बसलो. कंडक्टर आला, माझ्याकडे बघितलं आणि भलतंच विचारलं, "कितवीला रे?" हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. मी म्हणालो, "पहिलीला. पण पाच पूर्ण नाही झाले."

मागच्या सीटवरच्या बायका हसल्या. कंडक्टरही हसला आणि त्याने गुपचूप अर्धं तिकीट दिलं. आप्पांनी खिडकीबाहेर बघत पैसे मोजले. जळगाव येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, खोटं बोललो म्हणून रागावलेत. बऱ्याच वर्षांनी कळलं की लाज माझी नव्हती, त्यांची स्वतःची होती.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी घरच्यांना परदेशात न्यायचं ठरवलं, तेव्हा ही गोष्ट परत वर आली. घरचे म्हणजे सात जण: आई, आप्पा, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता, पुतणी पावणेदोन. मी पुण्यात नोकरी करतो, लग्न झालेलं नाही, घराचा हप्ता नाही. म्हणजे घरात हातात पैसा खेळणारा मीच. तरी तो किती खेळणार यालाही मर्यादा होती: तीन लाख. त्यात सात माणसं, सात रात्री, आणि सगळं आपलं आपण ठरवायचं.

धरणगाव म्हटलं की वाचणाऱ्या लोकांना बालकवी आठवतात. त्यांचा जन्म इथला, १८९० चा. त्याच्याही खूप आधी, १६७४ मध्ये, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इथे वखार काढली होती आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटलं. म्हणजे परदेश आमच्याकडे येऊन साडेतीनशे वर्षं झाली. उलट दिशेने गेलेले आमच्या गल्लीत आजवर दोनच, तेही कंपनीच्या कामाने.

बँकॉक ठरलं ते व्हिसामुळे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आणि जुलै २०२४ मध्ये मुदत वाढवून ६० दिवस केली. सात जणांची फी वाचते म्हटल्यावर बाकीचे देश आपोआप गळाले. नेपाळ त्याहून स्वस्त होता, तिथे पासपोर्टही लागत नाही, पण पुतण्याने एका वाक्यात निकाल लावला: "नेपाळला समुद्र नाही काका." शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये सुरतेहून बँकॉकला थेट विमान सुरू झालं होतं, आणि धरणगाव सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. आमच्या स्टेशनावरून गाडी पकडायची, सुरतेत उतरायचं आणि थायलंडला जायचं. हे मी आप्पांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी "हं" म्हटलं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, कारण घोळ तिथून सुरू होतो. डिलिव्हरीच्या गाड्यांचे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यात आधी सगळ्या अटी मांडायच्या: गाडीत माल किती मावतो, कोणत्या दुकानाला किती वाजेपर्यंत पोचायचं. मग मशीनला एक आकडा दाखवायचा आणि सांगायचं, हा कमीत कमी कर. मशीन तो करतंच. आपण जी अट लिहिली नाही ती त्याच्यासाठी जगात नसते. ड्रायव्हरला जेवायला वेळ ठेवायचा, ही अट लिहायची राहिली तर मशीन त्याला जेवू देत नाही. त्यात दुष्टावा काही नसतो.

असंच एक शीट मी सहलीचं केलं. विमान, हॉटेल, जेवण, मेट्रो, सिमकार्ड, विमा. एकूण रक्कम तीन लाखांच्या वर असली की शेवटचा खाना लाल, खाली आली की हिरवा. आणि त्या खान्यासाठी मला एक सोनं सापडलं. विमानात दोन वर्षांखालच्या बाळाला सीट घ्यावी लागत नाही. मोठ्या माणसाच्या मांडीवर बसवायचं आणि नाममात्र भाडं भरायचं. आमच्या शीटमध्ये जाऊन-येऊन माणशी बावीस हजार पडत होते, बाळाचे चार हजारांच्या आत. पण परतीच्या दिवशीही ती दोनच्या आत हवी. सहलीतच वाढदिवस आला तर येताना सीट घ्यावी लागते. १२ नोव्हेंबरला ती दोन वर्षांची होणार होती. म्हणजे भाऊबीज झाली की निघायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत यायचं. पुतण्याला दिवाळीची सुट्टीही होती. अठरा हजार वाचले.

हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर दोर वळत होते. म्हणाले, "तेव्हा वेचणी असते."

मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच घरात वाढलो. दिवाळीच्या पुढे-मागे आमच्याकडे कापूस फुटलेला असतो, मजूर मिळता मिळत नाहीत, एक वेचणी लांबली आणि वरून पाऊस आला की बोंडातला कापूस काळा पडतो. हे सगळं माहीत असून शीटमध्ये आलं नव्हतं. आप्पा पुढे म्हणाले, "तुम्ही जाऊन या." आणि आतून आई म्हणाली, "माले काय करनं शे तठे? तुम्ही जाई या." मला काय करायचंय तिथे.

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. सात जणांचे पाच केले. विमानाचे चव्वेचाळीस हजार गेले, हॉटेलची एक खोली गेली, जेवणखाण कमी झालं. मिळून सत्तर हजारांच्या आसपास. खाना हिरवा झाला.

आणि मला आनंद झाला. फार नाही, एखादा बग सापडल्यावर होतो तेवढा. पण झाला. हा सगळा लेख त्या दोन सेकंदांच्या आनंदाबद्दल आहे.

त्या रात्री मला एसटी आठवली. आप्पांनी तेव्हा माझं वय चोरलं होतं. मी मात्र कुठेही काही चोरलं नव्हतं. पुतणीचा जन्मदाखला अस्सल, पासपोर्टावरची तारीख अस्सल. तिचा जन्म ऑक्टोबर २०२३ नंतरचा असल्यामुळे नव्या नियमानुसार पासपोर्टला जन्मदाखल्याशिवाय दुसरा पुरावा चालतच नव्हता. मी नियम वाचला, पाळला आणि त्यातून पैसे वाचवले. तरी बाप खोटं बोलला तेव्हा जे वाटलं नाही ते आता वाटत होतं.

खोटं बोलणं कधीच चालत नाही असं कांट म्हणतो. १७९७ च्या एका निबंधात त्याने ते इतकं ताणलं की मारेकरी दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपलाय विचारत असेल, तरी खोटं सांगू नका, म्हणाला. कांट कोनिग्सबर्ग सोडून फारसा कुठे गेला नाही, त्यामुळे मुलांना घेऊन प्रवास करण्याचा प्रश्न त्याला आला नसावा. (आमच्या शेजारच्या अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. ते गिरणीमालक. खानदेशात तत्त्वज्ञानही कापसाच्या पैशावर उभं राहिलं, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. शाळेत असताना त्या गावी आम्ही फक्त क्रिकेटच्या मॅचला जायचो.) कांटच्या हिशेबाने आप्पा चूक आणि मी बरोबर. पण आप्पांच्या खोट्याची किंमत मोजली एसटीने, आणि थोडी आप्पांनी, खिडकीबाहेर बघून. माझ्या खऱ्याची किंमत कोण मोजणार होतं? आई आणि आप्पा. आणि त्यांना ती किंमत आहे हेसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. वेचणीमुळे जमत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. तारीख वेचणीवरच का आली, ते अठरा हजारांसाठी आली, हे मी बोललो नव्हतो.

दुसऱ्या रविवारी भाऊ-वहिनीशी व्हिडिओ कॉल होता. मी शीट शेअर केलं. वहिनी सहसा या गोष्टीत बोलत नाही. त्या दिवशी ती रांगेने वाचत गेली आणि थांबली.

"तिचं तिकीट चार हजारांत कसं?"

"मांडीवर बसायचं. सीट नसते."

"कोणाच्या मांडीवर?"

भाऊ म्हणाला, "तुझ्याच, अजून कोणाच्या."

वहिनीने पुढची ओळ वाचली. सुरतेच्या विमानापेक्षा मुंबईचं रात्री अडीचचं विमान माणशी अठ्ठावीसशेनी स्वस्त होतं, म्हणून मी ते धरलं होतं. धरणगावाहून रेल्वेने मुंबई, विमानतळावर सहा तास, मग चार तासांचं उड्डाण, सकाळी बँकॉक, आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार. "म्हणजे मी हिला दीड दिवस उचलून फिरायचं," वहिनी म्हणाली. "अकरा किलोची आहे ती. आणि झोपली की चौदाची होते." ती हसून म्हणाली. मीही हसलो. मग ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हिशेबात माझ्या पाठीचा एक खाना करा."

ती बोलून गेली, पण मला ते शीटपेक्षा नीट समजलं. मांडीला पैसे पडत नाहीत, कारण ती वहिनीची आहे. जेवणाच्या ओळीत मी 'सकाळचा नाश्ता: घरून' असं लिहून दिवसाचे बाराशे वाचवले होते. घरून म्हणजे कोणाकडून? दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, इलेक्ट्रिक किटलीत मॅगी, हे सगळं कोण करणार होतं आणि बॅगेत कोण भरणार होतं? कपडे लाँड्रीला टाकायचे नाहीत, बाथरूममध्ये धुवायचे, तिथे नऊशे वाचले. माझ्या प्रत्येक बचतीच्या मागे एक बाई उभी होती, आणि ती बहुतेक वेळा एकच होती.

मराठी घरांतल्या लोकांना परदेश दाखवला तो टूर कंपन्यांनी. केसरी १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. आमच्या पिढीला त्या टोपीधारी रांगांची चेष्टा करायची खोड आहे: गाईडचा झेंडा, बसमध्ये अंताक्षरी, पॅरिसमध्ये वरण-भात. मीही करायचो. स्वतः प्लॅन करणं म्हणजे हुशारी, पॅकेज म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांचं. पण शीट बंद करून विचार केला तेव्हा वाटलं, पॅकेजचे जास्तीचे पैसे कशाचे असतात? कुणीतरी रांगेत उभं राहतं, कुणीतरी जेवण शोधतं, रात्री मुलाला ताप आला तर कोणाला उठवायचं हे ठरलेलं असतं. त्या कामाला तिथे भाव आहे. स्वतः केलं की ते काम संपत नाही, त्याचा भाव संपतो. मग ते घरातल्या ज्या माणसाने कधी पैसे मागितले नाहीत त्याच्याकडे जातं. मी 'स्वतः' प्लॅन करत होतो म्हणजे तिकीट मी काढत होतो. तेवढंच.

भावाचा मुद्दा वेगळा होता आणि तो मी सोडून देणार नाही, कारण तो खरा आहे. तो म्हणाला, धाकटीला काही आठवणार नाहीये, मग तिच्यावर पैसे कशाला? तिला आजीकडे ठेवू. शास्त्र त्याच्या बाजूने आहे. मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आठवत नाही.

डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने यावर एक छान प्रश्न विचारला होता. समजा, पुढच्या सुट्टीनंतर तुमचे सगळे फोटो नष्ट होणार आहेत आणि तुम्हाला एक औषध देऊन सगळ्या आठवणी पुसणार आहेत. तरी तुम्ही हीच सहल निवडाल? मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं तर माझी अर्धी यादी गळते. फुकेतच्या ज्या बेटावर जायला पाच तास लागतात तिथे मी फोटोसाठीच जात होतो. पण पुतणीसाठी हा काल्पनिक प्रश्न नाही, तिची प्रत्येक सहल अशीच आहे. ती आत्ता वाळूत बसेल आणि तेवढंच असेल. हे वाया गेलं म्हणायचं असेल तर तिला पहिली दोन वर्षं खाऊ घातलेलं वरणही वाया गेलं.

आठवणीचा भरवसा तसाही कमीच. २००६ मध्ये आम्ही एकदा जीप करून नाशिक, त्र्यंबक आणि वणीला गेलो होतो. तीन दिवस. माझ्या लहानपणातली ती सगळ्यात सुंदर सहल: गडाच्या पायऱ्या, माकडांनी माझ्या हातून हिसकावलेली केळी, रस्त्याकडेला झाडाखाली खाल्लेली गरम भाकरी. प्लॅनिंगच्या उत्साहात मी आईला म्हणालो, "वणीला गेलो होतो तशी मजा करू." ती म्हणाली, "तेव्हा माझी पाठ धरली होती."

ती गरम भाकरी. स्टोव्ह, पीठ, परात, तेल सगळं आईने घरून घेतलं होतं, कारण हॉटेल परवडणारं नव्हतं. तीन दिवस दोन्ही वेळा तिने रस्त्याकडेला स्वयंपाक केला. पायऱ्या ती चढली नाही. खाली सामानापाशी बसली. मला हे आठवत नव्हतं असं नाही. स्टोव्हचा आवाज आठवत होता, फक्त तो मजेचा भाग म्हणून आठवत होता. मी नऊ वर्षांचा होतो, मला माफ आहे. पण वीस वर्षांनी मी शीट केलं आणि त्यात 'नाश्ता: घरून' असं लिहिलं.

मग ते "माले काय करनं शे".

लोकशाहीत याला नकार म्हणतात. विचारलं, नको म्हणाली, विषय संपला. पण अमर्त्य सेन यांनी एक गोष्ट फार पूर्वी दाखवून दिली आहे: ज्यांना सतत कमी मिळत आलं ते आपल्या इच्छा परिस्थितीच्या मापाने कापून घेतात, आणि मग विचारलं तर खरंच सांगतात की आम्हाला काही नको. त्यामुळे 'तिलाच नको होतं' हा पुरावा कच्चा असतो. अर्थात याचा उलटा धोकाही आहे. आईच्या प्रत्येक नाहीला मी 'ही तर परिस्थिती बोलतेय' म्हणू लागलो तर तिला नाही म्हणायची सोयच राहणार नाही. काही बायकांना खरंच विमानात बसायचं नसतं. मग ओळखायचं कसं? मला एकच मार्ग सुचला: अट बदलून परत विचारायचं. वेचणी नसेल तर?

मी तारीख हलवली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा घर सोडणं शक्य नाही. मेच्या अखेरीला बागायती कापसाची लावणी. मधले दोन-अडीच आठवडे मोकळे, शाळेला सुट्टी. मे महिना. बँकॉकला तेव्हा उकडतं, पण जळगावच्या माणसाला मे महिन्याची भीती कोण घालणार.

परत विचारलं. आई या वेळी "काय करायचंय" म्हणाली नाही. तिने विचारलं, तिथे संडास कसे असतात. गुडघे वाकत नाहीत, तर चालायला किती. खायला काय. मी सांगितलं की थाय भाषेत 'जे' असा एक शब्द आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो, आणि तो असला की मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. आई म्हणाली, "म्हणजे चातुर्मासच. मग वांगं चालतं का?" हे प्रश्न नको असलेल्या माणसाचे नव्हते. ते ऑगस्टपासून तिच्याजवळ होते. मी लॅपटॉप घेऊन आत गेलो तेव्हा विचारायचे राहिले होते.

वहिनीच्या पाठीचा खानाही केला. मुंबईचं रात्रीचं विमान काढलं, सुरतेचं धरलं. पुतणी मेमध्ये अडीच वर्षांची असेल, म्हणजे तिची स्वतःची खुर्ची, पूर्ण भाडं. नाश्ता हॉटेलात. फुकेत रद्द, बँकॉक आणि एक जवळचा किनारा, सातच्या सहा रात्री. बँकॉकच्या स्कायट्रेनमध्ये मुलांचं वय विचारत नाहीत, उंची बघतात, नव्वद सेंटीमीटरच्या आत फुकट. (आप्पांची जुनी युक्ती तिथे चालली नसती. मला गुडघ्यात वाकून चालावं लागलं असतं.) एवढं सगळं करून खाना लालच राहिला. तीन लाखांच्या वर बत्तीस हजार.

आप्पांनी विचारलं, एका माणसाचं तिकीट किती. बावीस हजार म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "तीन क्विंटल." कापसाला या हंगामात सरकारी हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये होता, बाजारात आम्हाला सात हजारांच्या आसपासच मिळत होते. तीन क्विंटल म्हणजे तीनशे किलो. चांगली वेचणारी बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते, किलोला दहा रुपयांनी. म्हणजे एका बाईचे सहा-सात दिवस वाकून गेलेले, आणि ती मजुरी त्या बावीस हजारांतली तीनच हजार. हा हिशेब मी आधी केला असता तर कदाचित शीटच केलं नसतं. आप्पांनी तो केला आणि तरी नाही म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पैसे तुझे, पण किती जातात ते माहीत असू दे. बत्तीस हजारांपैकी मी माझ्या नव्या फोनचे सोडले. भावाने बाकीचे घातले, कुरकुर करत. त्याचं अजूनही मत आहे की धाकटीला ठेवून जायला हवं होतं, आणि तो पूर्ण चूक आहे असं मला सिद्ध करता आलेलं नाही.

आई-आप्पांचे पासपोर्ट राहिले होते. आप्पा साठीच्या वर, त्यांना फीमध्ये दहा टक्के सूट. आईची अडचण वेगळीच निघाली: जन्मतारीख. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून आहे. तिच्या दोन बहिणींचीही १ जूनच आहे. तिच्या वेळच्या गुरुजींनी ज्यांची तारीख माहीत नाही त्या सगळ्यांना १ जूनलाच जन्माला घातलं. आजी सांगायची की आईचा जन्म पोळ्याच्या आसपासचा. म्हणजे जिथे खोटं बोलायची सोय नाही असं मी समजत होतो, त्या कागदावर आईचं वय एका गुरुजींच्या अंदाजाने छापलं जाणार. मी तिला म्हटलं, तू खरी तीन महिन्यांनी लहान आहेस. ती म्हणाली, "मग ते तीन महिने कोणाला दिले?"

जानेवारीत आम्ही जळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रावर गेलो. आई, आप्पा, मी, आणि शाळेला सुट्टी म्हणून पुतण्या. तोच रस्ता, एसटीच. आईचं तिकीट आता अर्धं असतं. २०२३ च्या मार्चपासून महिलांना निम्मी सवलत आहे. पुतण्या डिसेंबरमध्ये बारा पूर्ण झाला, पण अंगाने किरकोळ आहे, दहाचा वाटतो. कंडक्टरने त्याच्याकडे बघून मशीनवर बोट नेलं, "याचं हाफ ना?"

आप्पा म्हणाले, "फुल. बारा झाले."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. चालून गेलं असतं की, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना ती जुनी गोष्ट आठवत होती का, मी विचारलं नाही.

पाळधी गेल्यावर आईने मला कोपराने ढोसलं. तिला बराच वेळ काहीतरी विचारायचं होतं.

"तिला खुर्ची घेतलीस ना तू विमानात?"

"घेतली."

"मग मांडीवर घेतलं तर चालतं की नाही?"

मी म्हटलं, उडताना आणि उतरताना खुर्चीतच बसवावं लागतं, पट्टा लावून. मधल्या वेळात चालतं.

"मधे किती वेळ असतो?"

"तीन-साडेतीन तास."

"मग घेईन मी," आई म्हणाली.